नऊ खिळ्यांचा खण

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी राग. तो गार व्हायच्या आत कागदावर आलेला बरा. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू "मीटिंग आहे गं" म्हणून सुटतोस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

कारागीर संघाची स्मरणिका आज पोस्टानं आली. पान सातवर तुझा लेख, 'एक मौनी तपस्वी'. वर बाबांचा फोटो, आणि तोही कुठला, तर पासपोर्टचा, ज्याच्यासाठी फोटोवाल्यानं त्यांना "हसू नका हो" म्हणून तीनदा दटावलं होतं. मी आईला वाचून दाखवायला बसले. "ते मितभाषी होते. रंधा चालवताना त्यांच्या मुद्रेवर गंभीर शांतता असे. चार शब्दांचं काम ते एका शब्दात करत." आईनं ऐकता ऐकता मला थांबवलं आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे? आणखी कुणी वारलंय का?"

बाबांना जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि तू त्यांचा पुतळा करून मोकळा झालास.

मितभाषी? अरे, आपल्या बापाला बोलताना श्वास घ्यायला सवड मिळत नव्हती. डॉक्टरीणबाई खुर्चीचं माप द्यायला आल्या आणि बसायला लाजल्या, तेव्हा नाकाखाली रंध्याच्या सालपटांच्या मिशा लावून "बसा बाई, खुर्चीसुद्धा तुम्हाला पहिल्यांदाच बघतेय" म्हणणारा माणूस तो. शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याबरोबर फळीच्या गाडीवरून उतारावरून शर्यत लावली, खांद्याचं हाड मोडून घेतलं, आणि हात गळ्यात बांधून घरी आल्यावर आईला पहिलं वाक्य काय सांगितलं? "माझा पहिला नंबर आला." पत्त्यात त्यांच्याइतकं उघडउघड लबाडी करणारं कुणी मी पाहिलं नाही. आईसाठी स्टूल केलं ते नेहमीपेक्षा दोन बोटं उंच, कारण "रागावताना तुला मान वर करावी लागते, मला बघवत नाही." हा तुझा मौनी तपस्वी.

आणि पेन्सिलीचं तू एका अक्षरानं लिहिलं नाहीस, याची मला सगळ्यात जास्त चीड आली. ते प्रत्येक कामाच्या न दिसणाऱ्या बाजूला, फळीच्या मागे नाहीतर टेबलाच्या पोटाला, त्या दिवशीची घरातली बातमी लिहायचे. बँकेच्या साहेबांच्या टेबलाखाली अजून असेल, "आज बायको बोलत नाही. सकाळपर्यंत बरं वाटलं, आता पुरे." वकिलांच्या पुस्तकांच्या कपाटामागे, "पोरीचा दात पडला. पोरगी दात शोधतेय, मी पोरीला." आणि कुणाच्या तरी पलंगाखाली तुझं, "थोरला सायकल शिकला. सायकल दुरुस्तीला." अर्ध्या गावाच्या फर्निचरमागे आपलं घर लिहिलेलं आहे, आणि तुला आठवली ती मुद्रेवरची शांतता.

हे एवढं तरी मी गिळलं असतं. पण दुपारी मिस्त्रीकाका आले, मान खाली घालून. बाबांबरोबर चाळीस वर्षं एका टेबलावर काम केलेला माणूस, त्याला तू परस्पर फोन केलास. म्हणे, दोन मार्चला संघाच्या, बाबांच्या आठवणीसाठीच्या समारंभाच्या आधी त्यांचे लोक घर आणि कारखाना बघायला येणार, तर बाहेरच्या खोलीतलं वाकडं कपाट तेवढं खोलून माळ्यावर टाका. "बाबांच्या नावाला बट्टा नको."

कपाट आहेच वाकडं. मागून भिंतीला चिकटलेलं, पुढून सरळ, आणि मधल्यामध्ये अख्खं डावीकडे निघाल्यासारखं. जणू शेजाऱ्यांकडे विरजण मागायला चाललंय. येणारा-जाणारा विचारायचा आणि बाबा खुशीत सांगायचे, "माझं एकच फसलेलं काम. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसं मारणार? घरच्यांना काहीही चालतं." पण आईचं सगळं त्यात आहे. तिच्या सुया, तिचे चष्मे, बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, ज्या ती अजून टाकत नाही. ते कपाट कुठंही जाणार नाही.

खरं सांगू, तुला अजून तो खणच डाचतोय. सतरा वर्षांचा होतास. आईला कपाट हवं होतं आणि त्याचा पहिला खण तू एकट्यानं केलास. कोपरा जुळेना म्हणून एकाच कोपऱ्यात नऊ खिळे ठोकलेस, तेही अशा कारखान्यात जिथं खिळ्यांचा डबा फक्त कॅलेंडर टांगण्यापुरता होता. तू म्हणालास, "गुण्या चुकतोय." काटकोन बघायचा तो गुण्या, लाकडी मुठीचा, पोलादी पात्याचा, बाबांच्या बापाच्या हातचा. बाबा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. खण सरपणाच्या ढिगात गेला, तुझं नाव नऊखिळे पडलं, आणि सकाळच्या गाडीनं तू मामाकडे निघून गेलास तो गेलासच.

ते जाऊ दे. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. टाइप केलेलं, मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. सख्ख्या बहिणीला पत्र आहे का निविदा?

मुद्दा एक, "समारंभात मान्यवर असतात, तिथे थट्टामस्करीचे प्रसंग शोभत नाहीत." कुणाला शोभत नाहीत? बाबांच्या अंत्ययात्रेला मिस्त्रीकाका रडता रडता हसले होते, कारण तिरडी बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सांधे उघडे आहेत, हा उठून बसेल आणि शिव्या देईल." तिथं सगळ्यांना शोभलं. तुला शोभलं नाही, कारण तू मागं उभा राहून घड्याळ बघत होतास.

मुद्दा दोन, "तुला त्यांचं हसणं गोड वाटतं, कारण ते तुझ्यावर कधी हसले नाहीत." वा रे वा. मी गणितात नापास झाले तेव्हा माझ्या अभ्यासाच्या टेबलाला पाच पाय कुणी लावले? "तुझ्या हिशोबानं चार होतात ना, मग बस." तो पाचवा पाय अजून आहे, रोज माझ्या नडगीला लागतो. जिभेला धार म्हणून अख्ख्या गावात मला पटाशी म्हणून कुणी प्रसिद्ध केलं? माझ्या लग्नात वऱ्हाड बसायच्या आधी एका खुर्चीला कवेत घेऊन नाचले आणि नवऱ्याला म्हणाले, "ही उलटून बोलत नाही, अजून वेळ आहे, विचार कर." मी हसले आणि सोडून दिलं. तू चौतीस वर्षं धरून बसलायस. तू मोठा साहेब झालास, तुझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि तरी कुणी वाकडी खुर्ची म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

हे सगळं लिहून झाल्यावर तुझा मुद्दा तीन परत वाचला. जास्तच राग आला.

बाबा तुला आणायला मामाकडे आले होते, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नाही. आठवड्यानं आले, तू खोलीचं दार लावून बसलास, आणि ते दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "नऊखिळे, दार उघड, का तेही खिळे मारून बंद केलंयस?" तू लिहितोस, "त्या वेळी ते सरळ एक वाक्य बोलले असते तर मी उघडलं असतं. मी कडीला हात लावून उभा होतो."

मग का नाही बोलले? एवढा प्रवास करून गेलेला माणूस दारात उभा राहून विनोद का करतो? मी दोन दिवस हेच घोकतेय. दुसऱ्यांची लग्नं, मयती, भांडणं, सगळीकडे बोलायला हा माणूस पुढे, आणि पोटच्या पोराशी एक धड वाक्य बोलता येऊ नये? घे, लिहून देते, याबद्दल मला बाबांचा राग येतो. फ्रेम करून लाव.

पण म्हणून ते मौनी होत नाहीत. आणि कपाट हलत नाही. मिस्त्रीकाका म्हणतात, "थोरल्यानं शब्द टाकलाय, रविवारी येतो." येऊ देत. मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसणार आहे.

पटाशी


१९ फेब्रुवारी

दादा,

काल रविवारी मिस्त्रीकाका हत्यारांची पिशवी घेऊन आले. मी सांगितल्याप्रमाणे कपाटासमोर बसले होते. आई उंच स्टुलावर बसून आम्हा दोघांकडे बघत होती.

"ऊठ गं," काका म्हणाले.

"नाही उठत."

"मी शब्द दिलाय."

"मग परत घ्या. दिलेला रंधा परत घेता ना?"

आई म्हणाली, "भांडू नका. नुसते खण काढून पुसून तरी घेऊ, लोक येणारच आहेत." आईच्या शब्दाला दोघांनाही नाही म्हणता येईना. तिनं आतलं सगळं पलंगावर काढलं आणि काकांनी वरचा खण ओढला.

तो लोण्यासारखा सरकत आला. काका दोन वेळा आत-बाहेर करून बघत राहिले. मग पिशवीतला गुण्या काढून त्यांनी खणाच्या कोपऱ्याला लावला. चारी कोपरे बघितले. मधला आणि खालचा खण काढला, त्यांनाही लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे फसलेलं काम नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"फसलेलं काम कुठंतरी घासतं, अडकतं, कुठंतरी कमी-जास्त होतं. इथं तिन्ही खण एकाच मापानं वाकडे आहेत. कपाटाच्या बाजूही त्याच मापानं वाकड्या. प्रत्येक सांधा तिरका कापलाय आणि कागद जात नाही मधून. सरळ कपाट मी पंधरा दिवसांत करीन. एवढं नेमकं वाकडं करायला मला वर्ष लागेल."

तेव्हा आईला आठवलं. "त्यांना तीन महिने लागले होते याला. रोज संध्याकाळी काम आटपल्यावर एकटेच बसायचे. मी म्हणायची, माझ्या कपाटाला मेला एवढा उशीर का?" काका म्हणाले, "मलाही हात लावू दिला नाही. म्हणाला, हे घरचं काम आहे, तू गिऱ्हाइकांचं बघ."

मग त्यांनी मधला खण उपडा केला. त्याची दर्शनी फळी वेगळी होती, मागून दोन लाकडी खुंट्यांनी बसवलेली. आपल्या घरात चौतीस वर्षं आम्ही ती फळी पुसतोय, कुणाच्या ध्यानात येऊ नये? काकांनी खुंट्या ठोकून काढल्या आणि फळी सुटली. आतला खरा खण दिसला. जुनं लाकूड, रंध्याच्या खुणा उठलेल्या, आणि डाव्या कोपऱ्यात खिळे.

मी मोजले. काकांनी मोजले. आई स्टुलावरून उतरून आली आणि तिनं बोट लावून मोजले. नऊ.

काका आधी हसले आणि मग जमिनीवरच बसले. तुझा खण सरपणात गेलाच नव्हता, दादा. बाबांनी तो काढून आणला, एका खिळ्यालाही हात लावला नाही, आणि त्याला बसेल असं अख्खं कपाट त्याच्याभोवती केलं. तुझा खण एकटा वाकडा दिसू नये म्हणून आणखी दोन वाकडे केले. आणि मग जन्मभर लोकांना सांगत फिरले की काम माझं फसलं.

मला काय वाटलं सांगू? संताप आला. एवढं करायचं आणि पोराला सांगायचं नाही? मामाच्या दारात तो खण घेऊन उभं राहता आलं नसतं? माणसानं कपाट करावं आणि वाट बघावी, की पोरगं कधीतरी येईल, खण ओढेल आणि ओळखेल. तू तर सणावाराला यायचास तेही पाहुण्यासारखा, काठावर बसून. कपाटाकडे पाठ करून बसायचास. मी आता आठवतेय, बाबा तुला दर वेळी काहीतरी आणायला सांगायचे. "नऊखिळे, त्या कपाटातून सुई दे रे. चष्मा दे रे." तू म्हणायचास, "पटाशीला सांगा, तिला माहितीये कुठं आहे ते." आणि मी उठून द्यायची. मधल्या खणातून.

फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं आहे. ते आज लिहीत नाही. त्याच्या आधी मला तुला एक सांगायचंय आणि अजून धीर होत नाही.

पटाशी


२१ फेब्रुवारी

दादा,

दोन दिवसांत चार कागद फाडले. हा पाचवा, हा टाकणार.

गुण्या चुकत होता. तू खरं बोलत होतास.

मी दहा वर्षांची होते. पॉलिशच्या डब्याचं झाकण निघेना. हाताशी गुण्या होता. त्याचं पातं झाकणाखाली घालून मी जोर दिला, झाकण उडालं आणि पातं मुठीत हललं. थोडंसंच. मी ते डोळ्यांना सरळ वाटेल इतपत दाबलं आणि गुण्या खिळ्याला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी तू तो घेतलास. तुझा सबंध खण त्या गुण्यावर बेतलेला होता. कोपरा जुळणार कसा? तू ज्याच्यावर विश्वास ठेवलास तेच हत्यार खोटं होतं आणि ते मला ठाऊक होतं. तू "गुण्या चुकतोय" म्हणालास तेव्हा मी दारात उभी होते. बाबा म्हणाले, अंगण वाकडं, आणि सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

तू गेल्यावर दोन दिवसांनी बाबांनी स्वतः तो गुण्या हातात घेतला. फळीवर एक रेघ मारली, गुण्या पलटून दुसरी मारली. दोन रेघा एकीवर एक यायला हव्यात, त्या फाकल्या. बाबा बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसले. मग विचारलं, "याला कुणी हात लावला होता?" मी काही बोलले नाही. मुठीला पॉलिशचा डाग होता आणि माझ्या बोटांनाही. त्यांनी डाग बघितला, माझी बोटं बघितली, आणि म्हणाले, "जा, चहा सांग आईला." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. बडबड्या माणसाचं मौन पाहिलेली मी एकटीच आहे. तुझ्या लेखात ते घालायचं असेल तर घाल, तेवढं एकच खरं ठरेल.

तुझ्यापुढं सगळं सांगायचं तर माझं नाव सांगावं लागलं असतं. तू दार लावून बसला होतास आणि मी घरात होते. घरात होते तिला त्यांनी वाचवलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? चार धपाटे घालून मला मामाकडे फरफटत नेलं असतं तर काय बिघडलं असतं? मी दोन दिवस रडले असते. तू घरी आला असतास. आणि मी? मी दहाची वीस झाले, वीसची चव्वेचाळीस, तुला दर पत्रात टोमणे मारले, मनाला लावून घेतो म्हणून तुझी टिंगल केली. चोर तो चोर, वर शिरजोर. बाबांवरचा, तुझ्या लेखावरचा, सगळा राग खरा आहे, पण हा त्याच्या तळाशी होता.

आईला काल सांगितलं. तिनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "आता मला सांगून काय उपयोग? त्याला लिही." म्हणून लिहितेय.

माफ कर, असं सरळ लिहिते. आपल्या घरात हे कुणाला जमलेलं नाही, मी पहिली.

दोन मार्चला तू भाषणात काय बोलायचं ते तू ठरव. हसण्याचं बोलू नकोस, हवं तर नऊखिळेही म्हणू नकोस. पण संघाच्या लोकांना ते कपाट मी दाखवणार आहे, आणि गुण्या लावून दाखवणार आहे. काकांनी तुला दिलेला शब्द परत घेतलाय. तुला फोन करायला लाजतात, म्हणून मी कळवतेय.

फळी मी परत बसवली नाही. ती तू बसवायचीस. खुंट्या चष्म्याच्या डबीत ठेवल्यात. फळीच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात, तू गेल्यावर तीन महिन्यांची तारीख घालून, दोन ओळी आहेत. त्यात माझं नाव नाही. इथंही त्यांनी ते घातलं नाही.

"नऊखिळे, अंगणच वाकडं होतं.
तू बरोबर नाचलास."

कपाट जागचं हलणार नाही. तू हल.

पटाशी